वांगी मोठी नकोत, एकसारखी हवीत
ताई, भाजी-फुलांच्या प्रदर्शनात सगळ्यात मोठी वांगी ठेवावीत का, असं विचारलंत. नका ठेवू. पाच मागितली असतील तर पाचही एका मापाची, एका रंगाची निवडा. आपल्या कृष्णाकाठच्या वांग्याची शोभा त्याच्या कोवळ्या, तुकतुकीत सालीत असते. जून झालं की चमक जाते, आत बी धरतं. देठ ओढू नका, कात्रीनं कापा. सांगलीत पहिल्यांदा मी पिशवीत कोंबून नेली होती. देठाचे काटे एकमेकांना टोचून सालीवर बारीक तपकिरी ठिपके पडले, फार हळहळले. आता एकेक वांगं जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून नेते. प्रदर्शनात गुलाबही ठेवणार असाल, तर तो मात्र पहाटेच, अर्धवट उमललेला तोडा आणि दांडा लगेच पाण्यात बुडवा.