मदत हवी आहे: ‘कार्मेन’च्या हाबानेराची पट्टी जुळत नाही

सांगलीत आमच्या हौशी नाटकात बिझेच्या ‘कार्मेन’ (१८७५) या ऑपेरातली हाबानेरा (नायिका कार्मेनचं गाणं) वापरतोय. आधी रेकॉर्ड वाजणार, मग तोच तुकडा मी हार्मोनियमवर उचलणार. मूळ रचना पांढरी दोनमध्ये (पेटीची दुसरी पांढरी पट्टी, म्हणजे D) आहे: सुरुवातीला कोमल गंधार, ध्रुपदाला शुद्ध. पण जुन्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीवरून मोबाईलवर घेतलेला सूर पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या बरोबर मध्ये लागतो! पेटी काही मध्ये बसत नाही.

तबकडीचं लेबल उडालंय, त्यामुळे गायिका कोण ते विचारू नका. तबकडी परत मिळणार नाही, जे करायचं ते फाईलवरच. वेग सुमारे ३ टक्के कमी केला की पांढरी दोन लागते, पण आवाज जरा जड वाटतो. उलट वाढवून काळी दोन केली तर गाण्यातला तो मिश्कील, खेळवणारा भाव जाऊन नुसती घाई उरते. लयीचं ॲप कधी मिनिटाला ६० ठोके दाखवतं, कधी १२०. बाई शब्दाशब्दावर रेंगाळतात, त्याला ॲप तरी काय करणार.

त्या काळच्या तबकड्या नेमक्या ७८वरच फिरायच्या असं नाही, हे माहीत आहे. मग मूळ वेग कशावरून ओळखायचा: पट्टीवरून, की गायिकेच्या आवाजाच्या कंपनावरून?