शब्दचर्चा: 'कथित', 'पीडिता', 'अतिप्रसंग' आणि महाविद्यालयातल्या तक्रारीची बातमी

उपसंपादक, सोलापूर
'कथित' हा शब्द बातमीत नेमका कुठे वापरावा? 'कथित बलात्कार', 'कथित पीडिता', 'कथित आरोपी' असे तिन्ही प्रयोग सर्रास छापून येतात. समजा बातमी अशी: महाविद्यालयातली 19 वर्षांची विद्यार्थिनी, तक्रार प्राध्यापकाविरुद्ध, पोलिसांत गुन्हा नोंद, अटक नाही. मथळ्याला जागा जेमतेम पाच-सहा शब्दांची. 'पीडिता' लिहायचं की 'पीडित', आणि 'अतिप्रसंग' चालतो का, हेही सांगा.

मराठीची प्राध्यापिका
'कथित' म्हणजे सांगितलेलं, 'कथ्' धातूपासून. मूळ अर्थात खोट काही नाही, अडचण मराठी कानाची आहे. आपल्याकडे हा शब्द 'तथाकथित'च्या पंगतीत बसतो. 'कथित समाजसेवक' म्हटलं की वाचणारा लगेच समजतो, हा कसला समाजसेवक! तीच छाया 'कथित बलात्कार'वर पडते. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं 'अजून सिद्ध झालेलं नाही', वाचणारा वाचतो 'बनाव असणार'. 'कथित पीडिता' तर सरळ मुलीवरच संशय घेणं आहे.

'कथित आरोपी'त अर्थच नाही. आरोपी म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो, आणि आरोप तर खरोखरच झालेला आहे. मग कथित काय?

माहिती कुणाकडून आली हे सांगायला मराठीत सोपी साधनं आहेत: 'तक्रारीनुसार', 'फिर्यादीत म्हटले आहे', '...केल्याचा आरोप', 'पोलिसांनी सांगितले'. विशेषण लावून शंका पेरण्यापेक्षा कोण म्हणालं ते लिहावं. प्रत्येक परिच्छेदात एकदा पुरतं. दर वाक्याला 'असा आरोप आहे' चिकटवलं की तेही हिणवल्यासारखं वाटायला लागतं.

क्रियापदही जपून निवडा. 'तिने सांगितले', 'तिने तक्रारीत म्हटले' ही सरळ क्रियापदं. 'तिने दावा केला'मध्ये अविश्वास आहे. 'तिने कबूल केले' तर कधीच नको, कबुली गुन्हेगार देतो.

न्यायालय वार्ताहर
मथळ्यातला खरा दोष स्वल्पविरामात आहे. 'विद्यार्थिनीचा विनयभंग, प्राध्यापकावर गुन्हा' हा ठरलेला साचा घ्या. स्वल्पविरामाच्या आधीचा भाग सिद्ध झालेली घटना म्हणून उभा राहतो आणि नंतरचा त्याचा परिणाम म्हणून. निकाल चार शब्दांत लागून मोकळा. त्याऐवजी 'विनयभंगाच्या तक्रारीवरून प्राध्यापकावर गुन्हा नोंद'. एकच शब्द वाढला आणि बातमी खरी झाली.

'गुन्हा दाखल' हा शब्दप्रयोगही सामान्य वाचक चुकीचा वाचतो. पोलिसांनी लिहून घेतली ती प्रथम खबर. खबर म्हणजे मिळालेली माहिती, निष्कर्ष नव्हे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की ती नोंदवून घेणं पोलिसांवर बंधनकारक आहे, त्यामुळे नोंद झाली याचा अर्थ पोलिसांना पटलं असा होत नाही. पुढच्या पायऱ्याही एकमेकींत मिसळू नयेत. 'ताब्यात घेतले' म्हणजे अटक नव्हे. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, म्हणून जामिनाच्या बातमीला 'प्राध्यापकाला दिलासा' हा मथळा नको. दोषारोपपत्र आलं तरी माणूस आरोपीच असतो, 'दोषी' हा शब्द न्यायालयाने तसं ठरवल्यावरच.

'संशयित आरोपी' हे जोडनाव सोडून द्या. तोंडाला रुमाल बांधून पळून गेलेला, ओळख न पटलेला तो संशयित. फिर्यादीत नाव असलेला तो आरोपी. आणि 'नराधम' तर निकालानंतरही नको. त्या शब्दाने वाचकाच्या डोळ्यांसमोर राक्षस उभा राहतो, आणि मग इस्त्रीचा शर्ट घालून तास घेणाऱ्या माणसाबद्दल तक्रार आली की तोच वाचक म्हणतो, 'सर असं करणं शक्यच नाही.'

मुद्रितशोधक
'पीडित' हे विशेषण, 'पीडिता' हे त्याचं संस्कृत स्त्रीलिंगी रूप. व्याकरणाने दोन्ही बरोबर. पण मराठीत असं विशेषण लिंगाप्रमाणे सहसा बदलत नाही, 'शिक्षित मुलगी' म्हणतो, 'शिक्षिता' नाही. म्हणून 'पीडित तरुणी', 'पीडित विद्यार्थिनी' हे मराठी वळण. 'पीडिता' हिंदी वाहिन्यांच्या वाटेने आली आणि हळूहळू मुलीचं नावच होऊन बसली: 'पीडिता म्हणाली, पीडितेच्या आईने, पीडितेचे घर'. पहिल्या उल्लेखानंतर 'विद्यार्थिनी' किंवा 'तक्रारदार' पुरतं. फक्त तक्रार आईने दिली असेल तर तक्रारदार आई होते, हे तपासून घ्या.

'बळी' मृत्यू झाला असेल तर ठीक. 'वासनेला बळी पडली' यात मात्र तीच कुठेतरी घसरली असा सूर आहे.

'अतिप्रसंग' गाळावा. संस्कृत तर्कशास्त्रात अतिप्रसंग म्हणजे नियम नको तिथपर्यंत ताणला जाण्याचा दोष. मराठीत तो आडपडदा झाला. चिमटा काढण्यापासून बलात्कारापर्यंत काहीही त्यात मावतं, त्यामुळे नेमकं काय घडल्याची तक्रार आहे हे वाचकाला कळतच नाही. 'बलात्कार' या शब्दाला बिचकायचं कारण नाही. बलात् म्हणजे बळाने. जुन्या मराठीत 'बलात्काराने' म्हणजे नुसतं 'जबरदस्तीने' असाही वापर होता. जुलूम कोणी केला ते त्या शब्दातच आहे. 'अब्रू लुटली', 'शील भ्रष्ट केले' यात मात्र मुलीचं काहीतरी कायमचं गेलं असं गृहीत धरलेलं असतं.

'दुष्कर्म' या अर्थाने हिंदीतून आलं, तिथेच राहू द्या.

फौजदारी वकील
'विनयभंग' हा कायद्याचा शब्द आहे, तो हवा तसा वापरता येत नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात विनयभंग कलम 74, लैंगिक छळ 75, चोरून पाहणं किंवा चित्रण 77, पाठलाग 78, शब्द वा हावभावांनी अपमान 79, बलात्काराची व्याख्या 63 आणि शिक्षा 64. फिर्यादीत 78 असेल आणि बातमीत 'एकतर्फी प्रेमातून' असेल तर बातमी चूक आहे. पाठलागाला पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. त्याला प्रेम म्हणायचं कारण नाही. 'रोडरोमिओ' आणि 'छेडछाड' यांचंही तेच. छेड काढणं मराठीत खेळीमेळीतही चालतं.

आता ओळखीबद्दल. कलम 72 प्रमाणे 64 ते 71 या कलमांखालचा गुन्हा घडल्याचा नुसता आरोप असला तरी पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल अशी कोणतीही बाब छापणं गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आरोपी पुढे सुटला तरी ही बंदी उठत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 2018 च्या निपुण सक्सेना निकालात दूरान्वयानेही ओळख पटता कामा नये असं बजावलं. विनयभंगाचं कलम 74 या यादीत नाही, म्हणून काही जण तिथे सैल सोडतात. कायद्याच्या अक्षरात ती पळवाट दिसते, पण मुलीला भोगावं लागतं ते दोन्हीकडे सारखंच. तिथेही नाव देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही बंदी पूर्वी नव्हती. 1972 च्या देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या 1978 च्या निकालानंतर देशभर आंदोलन झालं, 1983 ला कायदा बदलला आणि ओळख छापण्यावर बंदी त्याच दुरुस्तीने आली. ते प्रकरण मात्र आजही त्या मुलीच्याच नावाने ओळखलं जातं.

उपसंपादक, सोलापूर
वकीलसाहेब, नाव तर कुणीच देत नाही. मग ओळख फुटते कशी?

फौजदारी वकील
तपशिलांच्या बेरजेतून. हे वाक्य पाहा: 'मूळची सांगोला तालुक्यातील, वसतिगृहात राहणारी, द्वितीय वर्षात शिकणारी शिक्षकाची मुलगी'. समजा तुकडीत 60 जण. त्यात मुली 24. वसतिगृहात 9. सांगोल्याच्या 2. वडील शिक्षक, म्हणजे उरली 1. चारही तपशील एका दैनिकात असायला हवेत असंही नाही. एकाने तालुका दिला, दुसऱ्याने वर्ष, तिसऱ्याने वसतिगृहाच्या फाटकाचं छायाचित्र, की संध्याकाळपर्यंत अख्ख्या वर्गाला नाव कळलेलं असतं. म्हणून आपण काय देतो याबरोबरच बाकीच्यांनी काय दिलंय तेही बघावं लागतं. वय, शाखा, वर्ष, गाव, जात, पालकांचा व्यवसाय यांतलं बातमीला खरोखर लागतं तेवढंच ठेवा. बहुतेक वेळा 'शहरातील एका महाविद्यालयातील विद्यार्थिनी' पुरतं.

आरोपीचं नावसुद्धा तपासून द्या. मार्गदर्शकाकडे एकच संशोधक विद्यार्थिनी असेल तर त्याचं नाव म्हणजे तिचंच नाव.

'तरुणी' लिहिण्याआधी वय विचारा. कनिष्ठ महाविद्यालयातली अकरावी-बारावीची मुलं बहुधा 18 च्या आतली. तिथे पॉक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा लागतो आणि त्याचं कलम 23 नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, परिसर सगळ्यालाच बंदी घालतं. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आरोपीही 18 च्या आतला असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार त्याचीही ओळख देता येत नाही.

अंतर्गत तक्रार समितीवर काम करणारी
सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो 'चौकशी' आणि 'तपास' यांत. तपास पोलीस करतात. चौकशी महाविद्यालयाची अंतर्गत तक्रार समिती करते. सुनावणी न्यायालयात होते. 'विशाखा समितीचा तपास सुरू' असं छापून आलं की मुलीच्या घरचे समजतात, पोलिसांत जायची गरज उरली नाही. मग तक्रारीला उशीर होतो आणि तोच उशीर पुढे तिच्याविरुद्ध वापरला जातो. दोन्ही वाटा एकाच वेळी खुल्या असतात, हे एक वाक्य अशा प्रत्येक बातमीत असायला हवं.

'विशाखा समिती' हे नाव सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या विशाखा निकालावरून तोंडी रुळलं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आणि महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2015 चे विनियम आल्यापासून छापताना 'अंतर्गत तक्रार समिती' लिहावं. मुदतीही नेमक्या द्या: घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार, सबळ कारण असल्यास ती मुदत वाढते. चौकशी 90 दिवसांत. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीवर तीन विद्यार्थी प्रतिनिधी. हे विनियम मुलग्यांच्या तक्रारीलाही लागू आहेत, म्हणून 'पीडित विद्यार्थी' हाही शब्द हाताशी ठेवा.

'समितीने क्लीन चिट दिली' हा मथळा दोनदा चुकतो. 2013 च्या कायद्याचं कलम 16 तक्रारीचा मजकूर, चौकशीतला तपशील, शिफारशी आणि तक्रारदार, साक्षीदार यांच्याबरोबर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचीही ओळख प्रसिद्ध करायला मनाई करतं. म्हणजे प्रकरण फक्त समितीपुढे असेल तर प्राध्यापकाचं नावही देता येत नाही. न्याय मिळाल्याची बातमी देता येते, ओळख न देता. आणि कलम 14 स्वच्छ सांगतं की तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. 'सिद्ध न झालेली' आणि 'खोटी' हे दोन वेगळे शब्द आहेत, कृपा करून वेगळेच ठेवा.

निलंबन ही शिक्षा नव्हे. बडतर्फी ही शिक्षा.

न्यायालय वार्ताहर
पोलीस प्रकरण बंद करताना न्यायालयात देतात त्या अहवालातही, म्हणजे 'समरी'तही, तसाच फरक आहे. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, तर 'ए समरी'. तक्रार जाणूनबुजून खोटी दिली, तर 'बी समरी'. गैरसमजातून आलेली, धड खरी नाही धड खोटीही नाही, तर 'सी समरी'. बातमीत तिन्हींचं 'प्रकरण बंद, तक्रार खोटी' होतं. अक्षर विचारा, आणि दंडाधिकाऱ्यांनी ती समरी मंजूर केली का, तेही विचारा.

मराठीची प्राध्यापिका
एक खास सोलापूरची गोष्ट. पूर्व भागात घरची भाषा तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, कुठे दखनी. मुलगी सांगते आपल्या भाषेत, ठाण्यात ते मराठीत उतरतं आणि फिर्यादीत येतं, 'मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले'. हे तिचं वाक्य नाही, लिहून घेणाऱ्याचं आहे. ते अवतरणचिन्हांत तिच्या तोंडी घालू नका. तसंच 'शारीरिक संबंध प्रस्थापित केले'. संबंध दोघांचे असतात. 'इच्छेविरुद्ध' हा शब्द गाळून तेवढंच छापलं तर अर्थ उलटा होतो, आणि जागा कमी पडली की नेमका तोच शब्द उडतो.

उपसंपादक, सोलापूर
मग असं चालेल?
मथळा: विनयभंगाच्या तक्रारीवरून प्राध्यापकावर गुन्हा नोंद
बातमी: 'शहरातील एका महाविद्यालयातील विद्यार्थिनीने दिलेल्या तक्रारीवरून एका प्राध्यापकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम 74 व 75 अन्वये गुन्हा नोंदवण्यात आला आहे. प्राध्यापकाने कार्यालयात बोलावून हात धरला, असे तक्रारीत म्हटले आहे. अद्याप अटक झालेली नाही. प्राध्यापकाची बाजू विचारली असता त्यांनी आरोप फेटाळला. महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीकडेही तक्रार देण्यात आली आहे.'

मुद्रितशोधक
चालेल. 'फेटाळला'ऐवजी 'आरोप नाकारला' करा, फेटाळणं हे न्यायालयाचं काम. 'कार्यालयात' कुठल्या ते लिहिलं नाहीत, ते बरं केलंत.

मथळा संकेतस्थळावर दुरुस्त केला तरी दुव्यात जुनेच शब्द राहतात, शिवाय समाजमाध्यमावरचं कार्ड आणि व्हिडिओवरची पाटी. तिन्ही वेगळी बदलावी लागतात. आणि गुन्हा क्रमांक, तारीख वहीत टिपून ठेवा. बलात्काराचा तपास नोंदीपासून दोन महिन्यांत पुरा व्हायला हवा, तेव्हा 60 व्या दिवशी ठाण्यात विचारणा करता येते. निकाल काहीही लागो, पहिली बातमी ज्या पानावर होती त्याच पानावर तो द्यायचा.