जुनी गाडी घरी खोलणारे खरंच इतरांच्या जिवाशी खेळतात का?

घोडबंदरवाला
काल सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला. "दहा वर्षांवरच्या गाड्या पार्किंगमध्ये स्वतः खोलणारे चार पैसे वाचवायला सगळ्यांच्या जिवाशी खेळतात. परवडत नसेल तर गाडी विका." नाव कुणाचं नव्हतं, पण रविवारी बॉनेट उघडून बसणारा आमच्या विंगमध्ये मी एकटाच आहे. तिथे उत्तर दिलं असतं तर भांडण पेटलं असतं, म्हणून इथे लिहितोय.

माझी स्कॉर्पिओ २०११ ची. १ लाख ८७ हजार किलोमीटर झालेत. ऑइल, एअर फिल्टर, डिझेल फिल्टरमधलं पाणी काढणं, बॅटरी, वायपर, कूलंट एवढं सहा वर्षं मीच करतोय. सुरुवात एका बिलामुळे झाली. सर्व्हिस सेंटरने एअर फिल्टर बदलल्याचे पैसे लावले होते. मला आधीपासून शंका होती, म्हणून गाडी देण्यापूर्वी फिल्टरच्या कडेला मार्करने बारीक तारीख टाकली होती. घरी येऊन डबा उघडला तर तोच फिल्टर, तीच तारीख. फक्त हवा मारून परत बसवलेला.

आणि हे पैशांपुरतं नाही. गेल्या जूनमध्ये ड्रायव्हरच्या पायाशी पाणी साचायला लागलं. दोन गॅरेजवाल्यांनी दरवाजाचं रबर बदलायला सांगितलं. मी वायपरखालची प्लास्टिकची जाळी काढली. आत गुलमोहराच्या पाल्याचा मुठीएवढा चिखल. पाणी जायचं भोकच बुजलेलं. वायर घालून मोकळं केलं, बादलीभर पाणी ओतून पाहिलं, सरळ चाकामागे उतरलं. आपली गाडी आपण बघितल्याशिवाय हे कळत नाही. यात मी कुणाच्या जिवाशी खेळलो?

कोपरखैरणे४३
मेसेज माझा नाही, पण मला तो पटतो. माझ्या मेहुण्याने व्हिडिओ बघून पुढचे ब्रेक पॅड बदलले. काम नीट केलं होतं. फक्त गाडी काढण्याआधी पेडल पंप करायचं विसरला. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल तळाला जातं. बेसमेंटच्या उतारावर गाडी सुटली आणि खांबावर आदळली. खांबाजागी सायकलवरचं पोर असतं तर? तुम्ही आज ऑइल करताय, उद्या ब्रेकला हात घालाल. सगळ्यांचं असंच होतं.

घोडबंदरवाला
ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनला मी कधीही हात लावलेला नाही. वर यादी दिली आहे, ती वाचा. मेहुण्याची चूक माझ्या अंगावर टाकू नका.

नेरुळची ताई
माझी डस्टर २०१३ ची, डिझेल. मिस्टर गेल्यापासून गाडीचं सगळं मीच बघते. बाईमाणूस गाडी घेऊन आलं की काही गॅरेजवाल्यांचा बोलण्याचा सूरच बदलतो. क्लच गेलाय, टर्बो गेलाय, असं ऐकवतात. एकदा गाडी सुरू होईना. एकाने बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही नवीन घ्या म्हणून सांगितलं. मी टर्मिनल काढली तर त्यावर पांढरं-हिरवं खार चढलेलं. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुतलं, पॉलिशपेपरने घासलं, आवळलं. तीच बॅटरी पुढे दीड वर्ष चालली.

आणि इंजिनातल्या टायमिंग बेल्टबद्दल तर फार राग आहे. "किलोमीटर कमी झालेत, आत्ता गरज नाही" असं मला सांगितलं गेलं. अहो, बेल्ट रबराचा असतो. तो वर्षांनीही म्हातारा होतो, पुस्तकात स्पष्ट दिलंय. मी अडून बसले तेव्हा बदलला. बेल्ट मी बदलत नाही, पण कधी बदलायचा हे मलाच माहीत असावं लागतं.

वागळेचा मिस्त्री
पंचवीस वर्षं या धंद्यात आहे. वाचून वाईट वाटलं. एकाने लबाडी केली की आमची सगळी जात चोर. घरी खोलून मग आमच्याकडे येतात त्या गाड्या कुणी बघितल्या आहेत का? ऑइल चेंबरच्या प्लगचे आटे मारून आणतात. लांब पाना लावून जोर काढायचा, मग चेंबर उतरवा, नवीन आटे पाडा, नाहीतर चेंबरच बदला. वर बिल बघून आमच्याशीच भांडण.

आणि जॅक! गाडीबरोबर येतो तो जॅक चाक बदलण्यापुरता. त्याच्या भरवशावर खाली शिरणारे लोक मी पाहिले आहेत. घोडी, म्हणजे उचललेली गाडी पेलणारा लोखंडी स्टँड, न लावता गाडीखाली जाणाऱ्याला माझ्यासमोर एक शब्द बोलायचा हक्क नाही. घोडबंदरवाले साहेब, तुम्ही घोडी लावता का?

घोडबंदरवाला
दोन घोड्या आहेत, गाडी सरकू नये म्हणून मागच्या चाकांना लाकडी ओटही लावतो. पण खरं सांगतो, पहिली दोन वर्षं लावत नव्हतो. चूक होती. आटे मारण्याचं म्हणाल तर ठरावीक जोरावरच आवळणारा पाना, टॉर्क रेंच, घेतल्यापासून तो प्रश्न नाही.

माजी सेक्रेटरी, माजिवडा
मूळ प्रश्नच बाजूला राहतोय. जुनं ऑइल कुठे जातं? आमच्या सोसायटीत एक गृहस्थ रात्री पावसाळी पाण्याच्या चेंबरमध्ये ओतायचे. ते पाणी नाल्यातून खाडीत जातं. ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. फ्लेमिंगो बघायला आपण पोरांना घेऊन जातो आणि त्याच चिखलात हे काळं तेल सोडतो. शिवाय पार्किंगमधल्या डागावरून सकाळी पेपरवाल्या मुलाचा पाय सरकला, मनगट मोडलं. म्हणून आम्ही ठराव केला की पार्किंगमध्ये गाडीचं कुठलंही काम करायचं नाही. त्यावरून मला किती शिव्या बसल्या, ते मलाच माहीत.

घोडबंदरवाला
मी रुंद ट्रेमध्ये काढतो, खाली पुठ्ठा असतो, कॅनमध्ये भरून गॅरेजला नेऊन देतो. एकाने घाण केली म्हणून सगळ्यांना बंदी? मग टायरमध्ये हवा भरणंही "काम"च ना?

कोपरखैरणे४३
आणि गॅरेजवाला त्याचं काय करतो ते विचारलंत का? बांधकामावर सेंट्रिंगच्या फळ्यांना चोपडायला जातं ते. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे, नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवं. तुमचा कॅन फक्त घाणीचा पत्ता बदलतो.

वागळेचा मिस्त्री
आमच्याकडे ड्रम भरला की परवानाधारक माणूस येतो, पावती देतो. सगळेच असं करतात असं मात्र मी म्हणणार नाही.

पाटलीपाडा बी विंग
सेक्रेटरी साहेब, डागाची एवढी काळजी आहे तर उन्हाळ्यात रोज टँकर मागवावे लागतात तरी त्याच पाण्याने गाड्या धुतात, त्यावर ठराव का नाही? पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये कमिटीवाल्यांच्या दुसऱ्या गाड्या उभ्या असतात, त्यावर का नाही? मेंटेनन्स मी पण भरतो. माझ्या जागेत मी वायपर बदलला तर वॉचमन शिट्टी मारतो.

माजी सेक्रेटरी, माजिवडा
जागा तुमच्या मालकीची नाही, वापरायला दिलेली आहे. सभेला या आणि बोला. गेल्या सभेला गणसंख्येअभावी अर्धा तास थांबलो होतो.

पाटलीपाडा बी विंग
सभा मुद्दाम कामाच्या दिवशी लावायची आणि वर "या" म्हणायचं! आम्ही त्या वेळी गायमुखच्या खड्ड्यांत अडकलेलो असतो. त्याच खड्ड्यांनी सस्पेन्शनचे लिंक रॉड आणि बुश खाल्ले. वर गाडी जुनी ठेवली म्हणून आम्हीच दोषी.

नेरुळची ताई
तुम्ही सगळे पार्किंगवर भांडताय. मेसेजमधलं "परवडत नसेल तर विका" हे वाक्य मला जास्त लागलं. दहा वर्षांवरची डिझेल गाडी बंद करायचा नियम निघाला तो दिल्ली परिसरापुरता. इथे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर तपासणी करून पाच वर्षं वाढते. चांगली राखलेली गाडी का विकायची? याच गाडीत मिस्टरांना डायलिसिसला नेत होते. मी नाही विकणार.

कोपरखैरणे४३
ताई, तुमच्याबद्दल नव्हतं ते. माझा विरोध ब्रेकला आहे. बॅटरी-वायपरला नाही, हे मी आधी म्हणायला हवं होतं.

वागळेचा मिस्त्री
ब्रेकचा विषय निघालाच आहे तर एक ऐका. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल कोरडं असताना निदान २३० अंशांना उकळायला हवं, ओल शोषल्यावर हीच हद्द १५५ वर येते. माळशेज उतरताना ब्रेक तापले की वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. दर दोन वर्षांनी बदला. लोक घरी नवी बाटली आणून फक्त वरून भर घालतात, हे बंद करा. आणि टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे बघा. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं असतं.

कोपरखैरणे४३
आत्ता खाली जाऊन पाहिलं. स्टेपनी ११११. गाडी घेतली तेव्हाचीच आहे. चौदा सर्व्हिसिंगमध्ये कुणीही बोललं नाही.

घोडबंदरवाला
ती आधी बदला, त्यावर पुणं गाठायचा विचारही करू नका. मिस्त्री, ब्रेक ऑइल तुमच्याकडेच करून घेईन, पण शेजारी उभा राहणार.

वागळेचा मिस्त्री
उभे राहा. मधे मधे बोलू नका.

माजी सेक्रेटरी, माजिवडा
ट्रे आणि पुठ्ठा हे आमच्या ठरावात घालायला माझी हरकत नाही. रविवारी ९ ते ११, फक्त स्वतःच्या जागेत, ऑइलची पावती ऑफिसात जमा. गाडी जॅकवर चढवायची नाही. कमिटीपुढे एवढंच नेईन.

घोडबंदरवाला
जॅकवर न चढवता ऑइल कसं काढायचं? असा ठराव आमच्याकडे आला तर घोडीसकट परवानगी मागेन.

माजी सेक्रेटरी, माजिवडा
घोडीवर मी हटणार नाही.