ऑफिस आणि ट्रेक दोन्हीला चालेल अशी मॉड्युलर बॅग कशी शिवून घ्यावी?

गडवाट: मंडळी, एक बॅग शिवून घ्यायचीये, आठवडाभर लॅपटॉप-डबा आणि वीकेंडला राजगड-तोरणा, म्हणजे मूळ बॅग साधारण 22 लिटरची आणि पाउच बाहेरून लावता-काढता येतील असे. कापड कुठलं घेऊ? पाउचला वेल्क्रो चालेल का?

सह्यवारा: वेल्क्रो नको रे, चिखल-कुसळं अडकली की पकडच सुटते. मोले पद्धत कर, म्हणजे लष्करी बॅगांसारख्या पट्ट्या शिवून त्यांत पाउच ओवायचे: 1 इंची आडव्या पट्ट्या, मधे 1 इंच जागा, दर दीड इंचावर बारटॅक (दाट, पक्का टाका), मग बाजारातले मोलेचे पाउचही बसतात. कापड 500 डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप) कॉर्ड्युरा, म्हणजे मजबूत नायलॉन, पुरे, 1000 उगाच जड होतं.

टाकेवाली: मी बॅगा शिवते म्हणून सांगते, पावसात पाणी शिलाई-चेनमधूनच जास्त येतं, आत ड्राय बॅग (पाणी न शिरणारी पिशवी) ठेवाच. आणि जड सामान पाठीला चिकटून आत, बाहेरच्या पाउचमध्ये फक्त हलकं, नाहीतर चढावर बॅग मागे ओढते.

गडवाट: कमरेचा पट्टा काढता येईल? लोकलमध्ये अडकतो.

टाकेवाली: हो, पाठीच्या पॅडमागून सरकवायचा ठेवा. आधी जुन्या चादरीचा नमुना शिवून, सामान भरून घालून बघा, मगच महाग कापडाला कात्री लावा.