मदत हवी आहे: एलिझाबेथ स्टँटनवरचं एकपात्री

नमस्कार मंडळी, आमच्या महिला मंडळासाठी दहा मिनिटांचं एकपात्री लिहितेय, अमेरिकेच्या एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांच्यावर. 1848 च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स गावी भरलेल्या महिला हक्क परिषदेत त्यांनी बायकांना मत हवं अशी मागणी मांडली, तेव्हा घरी तीन लहान मुलगे होते. पुढे आणखी चार मुलं झाली. नवरा कामानिमित्त बराच काळ बाहेरगावी.

मला सगळ्यात भावतं ते त्यांचं स्वयंपाकघर. त्यांची मैत्रीण आणि चळवळीतली सहकारी सुझन अँथनी मुक्कामाला यायच्या, मुलांना सांभाळायच्या, आणि तेवढ्या वेळात स्टँटन भाषण लिहून काढायच्या. ते घेऊन सुझन गावोगाव बोलायच्या. लग्न न केलेली मैत्रीण कडेवर मूल घेऊन उभी आहे, हे दृश्य डोळ्यांसमोरून हलतच नाही.

अडलंय ते इथे: रंगमंचावर मी एकटीच. मग सुझन आणि मुलं दाखवायची कशी? नुसता पाळणा आणि दौत पुरेल का? शेवटही सुचत नाहीये. स्टँटन 1902 मध्ये गेल्या, देशभर मताचा हक्क आला 1920 मध्ये. ही अठरा वर्षं प्रेक्षकांपर्यंत कशी पोचवू? एकपात्री केलेल्या ताईंनी कृपया सुचवा.