‘दम लागतो’, ‘धाप लागते’ आणि ‘गभरामण’: केसपेपरवर नेमके काय लिहावे?

विचारणा:
मी वडोदऱ्यात नर्सिंगचे शिक्षण घेत आहे. घरी मराठी बोलतो, कॉलेजात गुजराती आणि इंग्रजी चालते. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतून येणारे वयस्क मराठी रुग्ण ‘दम लागतो’ असे सांगतात, तेव्हा माझ्या गुजराती मैत्रिणी तो ‘दमा’ आहे असे समजतात. शिवाय ‘गभरामण’ हा शब्द आता मराठी घरांतही रुळला आहे. त्याचा नेमका मराठी अर्थ काय आणि नोंद कशी करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर:
आपल्या मैत्रिणींचा गैरसमज स्वाभाविक आहे, कारण गुजरातीत ‘दम’ हे दम्याच्या आजाराचेच नाव आहे. मराठीत आजाराला ‘दमा’ म्हणतात आणि ‘दम लागणे’ म्हणजे श्वास अपुरा पडणे. तो जिना चढल्याने, रक्त कमी असल्याने, फुप्फुसांच्या विकाराने किंवा हृदय दुर्बळ झाल्यानेही लागू शकतो. केसपेपरवर एकदा ‘दमा’ असे लिहिले गेले की पुढचा प्रत्येक वाचणारा त्याच वाटेने विचार करतो, म्हणून या एका शब्दाबाबत सर्वांनी दक्ष राहावे असे मला मनापासून वाटते. ‘धाप’ त्यामानाने नि:संदिग्ध आहे. माझ्या मते दम लागल्याचे रुग्ण सांगतो आणि धाप आपल्याला दिसते. हा भेद पाळला तर लक्षण आणि चिन्ह आपोआप वेगळे राहतात.

शब्द रुग्णाचाच ठेवावा, पण त्याला लागून प्रश्न विचारावेत. किती चालल्यावर दम लागतो? आडवे पडल्यावर वाढतो का? किती उशा घ्याव्या लागतात? झोप लागल्यावर तासा-दोन तासांनी गुदमरून उठून बसावे लागते का? आडवे झाल्यावर पायांकडचे रक्त छातीकडे परतते आणि दुर्बळ हृदयाला ते पुढे ढकलता येत नाही, त्यामुळे उशांची संख्या ही साधी वाटणारी माहिती डॉक्टरांना फार उपयोगी पडते. श्वास पूर्ण मिनिटभर मोजावेत आणि आपण मोजत आहोत हे रुग्णाला कळू देऊ नये. मनगटावर बोटे तशीच ठेवून छातीकडे पाहावे, कारण लक्ष गेले की माणसाचा श्वास बदलतो. प्रौढ व्यक्तीत विश्रांतीच्या वेळी मिनिटाला १२ ते २० श्वास सर्वसाधारण समजतात.

‘घरघर’ या शब्दाबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगणे भाग आहे. मराठीत ‘घरघर लागली’ म्हणजे अंतकाळ जवळ आला, असा अर्थ घेतात. दम्याच्या रुग्णाच्या नातेवाइकांसमोर हा शब्द उच्चारू नये. श्वास सोडताना विशेष ऐकू येणाऱ्या आवाजाला ‘शिट्टीसारखा आवाज’ म्हणावे. श्वास घेताना फुप्फुसांच्या तळाशी, केस कानाजवळ चोळावेत तसा बारीक आवाज आला तर ‘चरचर’ लिहावे. फुप्फुसांत पाणी साचले की किंवा न्यूमोनियात तो ऐकू येतो. श्वास घेताना घशातून येणारा कर्कश आवाज मात्र लिहीत बसण्याचा नव्हे, तत्काळ डॉक्टरांना बोलावण्याचा विषय आहे.

आता ‘गभरामण’. या गुजराती शब्दात भीती, धडधड, घुसमट आणि जीव कासावीस होणे हे सारे सामावते. मराठी ‘घाबरणे’ हे केवळ भीतीचे आहे, म्हणून ‘रुग्ण घाबरला आहे’ ही नोंद घातक ठरू शकते. ‘जीव घाबरा होतो’ हा प्रयोग अर्थाच्या अधिक जवळ जातो. एका शब्दात उतरवण्यापेक्षा तो मूळ रूपात अवतरणचिन्हांत लिहावा आणि पुढे धडधड, घुसमट, मळमळ, घाम यांपैकी काय आहे, काय नाही हे नोंदवावे. हृदयविकाराच्या झटक्यात पुष्कळ रुग्ण ‘दुखते’ असे म्हणतच नाहीत. छाती जड झाली, दडपण आले, आवळल्यासारखे वाटते, असे सांगतात. आणि आपल्या मराठी घरांत ‘पित्त झालंय’ म्हणून वेळ दवडतात. वृद्धांत, स्त्रियांत आणि मधुमेहींत तर कधी कधी नुसता दम आणि दरदरून घाम एवढेच असते. अशा वेळी हात लावून पाहिलेली गार, घामेजलेली त्वचा हीच नोंद सर्वांत मोलाची.

धडधड रुग्णाला जाणवते, ठोके आपण मोजतो. ते अनियमित असतील तर पूर्ण ६० सेकंद मोजावेत, आणि त्याच वेळी दुसऱ्या परिचारिकेने स्टेथोस्कोप लावून हृदयाचे ठोके मोजावेत. हृदयाचे ठोके मनगटावरच्या ठोक्यांपेक्षा जास्त भरले, तर दोन्ही आकडे लिहावेत.

पुन्हा विचारणा:
सविस्तर उत्तरासाठी आभारी आहे, ताई. सावळ्या रुग्णाचा ‘निळसरपणा’ कसा ओळखावा? आणि ‘पोटरीत गोळा येतो’ याला आमच्याकडे ‘गोटला चढतो’ म्हणतात, ते एकच का?

उत्तर:
सावळ्या त्वचेवर निळसरपणा सहज दिसत नाही. जीभ आणि ओठांची आतली बाजू उजेडात पाहावी. तेथे निळसर छटा असेल तर रक्तातच प्राणवायू कमी आहे. फक्त नखे निळसर आणि बोटे गार असतील, तर थंडीमुळे किंवा हातापायांचा रक्तपुरवठा मंदावल्यामुळेही तसे होते. फिकटपणासाठी खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी.

गोळा आणि गोटला हे दोन्ही शब्द पेटक्यासाठी वापरतात, पण कधी येतो हे विचारल्यावाचून नोंद पुरी होत नाही. रात्री झोपेत येणारा गोळा बहुधा स्नायूंचा असतो. ठरावीक अंतर चालल्यावर येणारा आणि थांबल्यावर काही मिनिटांत ओसरणारा गोळा पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचे सुचवतो. अशा वेळी दोन्ही पावलांवरची नाडी चाचपून तुलना करावी, नख दाबून सोडल्यावर रंग किती सेकंदांत परत येतो हे पाहावे आणि बोटांच्या मधल्या जागांत जखम नाही ना याची खात्री करावी. प्रौढांत नखाचा रंग साधारण २ सेकंदांत परततो. वृद्धांत किंचित अधिक वेळ लागतो.