'एकच प्याला'तील सिंधू तुम्हाला केव्हा, कशी दिसली?

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे निवर्तले आणि त्यानंतर महिना उलटण्यापूर्वीच, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला. त्यातली सिंधू म्हणजे दारूच्या व्यसनात बुडालेल्या सुधाकर वकिलाची सोशिक पत्नी. या नाटकाला शंभरहून अधिक वर्षे झाली, तरी सिंधूविषयीचे आपले मत अजून स्थिरावलेले नाही.

मी अनेक वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवले. दरवर्षी वर्गातून एकच प्रश्न येई : भाऊ पद्माकर न्यायला आलेला असताना सिंधू माहेरी का जात नाही? "तो काळच तसा होता," असे उत्तर मी कितीतरी वेळा दिले. पुढे मला त्या उत्तराची लाज वाटू लागली, कारण त्याच काळात, त्याच नाटकात, सुधाकराला दारूची वाट दाखवणाऱ्या तळीरामाची बायको गीताही आहे आणि ती नवऱ्याच्या दारूविषयी मुळीच गप्प बसत नाही. दोघींना एकाच नाटककाराने जन्म दिला आहे. तेव्हा काळाकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. सिंधू बरोबर की चूक, असा निवाडा येथे नको आहे. कोणत्या वयात, कोणत्या प्रवेशामुळे किंवा कोणत्या प्रसंगी तुमचे वाचन बदलले, तेवढे सविस्तर लिहावे, ही विनंती. आलेली उत्तरे पुढे दिली आहेत; प्रत्येक उत्तराच्या आधी लिहिणाऱ्याची ओळख आहे.

निवृत्त शिक्षिका, सांगली

माझ्यापर्यंत सिंधू आली ती आजीच्या ध्वनिमुद्रिकांमधून, म्हणजे पहिल्या प्रयोगात सिंधू झालेल्या बालगंधर्वांच्या आवाजातून. 'कशि या त्यजू पदाला' लागले की आजी हातातले काम थांबवून बसत असे. एरवी शालूंमध्ये वावरणाऱ्या गंधर्वांनी सिंधूसाठी ठिगळे लावलेले लुगडे नेसले, ही गोष्ट ती अगदी काल पाहिल्यासारखी सांगे. त्यामुळे माझ्या मनातली सिंधू आधी सुरेल होती. तिचे दुःख पुष्कळ नंतर कळले.

पुस्तक हाती घेतले ते पन्नाशीनंतर, आणि तेव्हा एका माहितीने मला थांबवले. या नाटकातली पदे गडकऱ्यांची नाहीत, ती वि. सी. गुर्जरांनी रचलेली आहेत. सिंधूच्या पतिनिष्ठेचे जे उद्गार मला तोंडपाठ होते, ते तिच्या निर्मात्याच्या लेखणीतून उतरलेलेच नव्हते. गद्य संवादांतही ती निष्ठा आहे, हे मी नाकारत नाही. पण गाणी वगळून संपूर्ण नाटक वाचले तेव्हा मला अधिक थकलेली, अधिक सावध सिंधू भेटली. पदरात मूल आणि समोर जाते असलेली, दळण दळून घर चालवणारी बाई. गाण्यांनी तिला देव्हाऱ्यात बसवले आणि आम्ही हात जोडले, असे आता वाटते. ते सूर अजूनही माझे डोळे ओले करतात, आणि म्हणूनच हे लिहिणे मला सोपे गेले नाही.

व्यसनमुक्ती समुपदेशक, नाशिक

कुटुंबीयांच्या बैठकीत मी पूर्वी सिंधूचे उदाहरण देत असे, ते कसे वागू नये यासाठी. नवऱ्याच्या व्यसनावर पांघरूण घालणारी, त्याच्या चुकांचे परिणाम स्वतः सोसणारी आणि त्यामुळे त्याला भानावर येऊ न देणारी पत्नी, अशी माझी मांडणी होती. एकदा बैठकीतील एका बाईंनी शांतपणे विचारले की, प्याला उचलला त्याने, मग जाब तिला का विचारता? त्या दिवसानंतर मी ते उदाहरण देणे सोडले आणि नाटक नव्याने वाचायला घेतले.

तेव्हा माझे लक्ष सुधाकरावर खिळले. हा माणूस बुद्धिमान वकील आहे, मानी आहे; वकिलीची सनद काही काळासाठी जाते, भर समाजात अपमान होतो, आणि त्या जखमेवर तळीराम पहिला प्याला पुढे करतो. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी माणसांची सुरुवात अशीच सापडते : दारूच्या आवडीतून नव्हे, तर दुखावलेल्या अभिमानातून. त्याहून महत्त्वाचा भाग पुढे येतो. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो, काम मागायला बाहेर पडतो, आणि प्रतिष्ठित माणसे त्याला दारूडा म्हणून दारातूनच परत पाठवतात. तो पुन्हा पितो. या प्रवेशाकडे प्रेक्षक फारसे लक्ष देत नाहीत, पण माझ्या मते नाटकाचा कणा तिथे आहे. दारू सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे माणसाला कोणीतरी उभे करून घ्यावे लागते. सुधाकराला घराबाहेर तसे कोणी भेटले नाही. घरात सिंधू होती, आणि तो सगळा भार एकट्या तिच्यावर पडला. तिने त्याला बिघडवले, असे मी आता म्हणत नाही. जे काम गावाने वाटून घ्यायचे होते ते तिच्या एकटीवर टाकले गेले, असे म्हणतो.

वकील, नागपूर

माझा अनुभव शेवटच्या अंकापुरता आहे. नवऱ्याच्या हातून मूल गेले आहे, स्वतः सिंधू मरणाच्या दारात आहे, आणि ती फौजदाराला नवऱ्याचा दोष सांगत नाही. विद्यार्थिदशेत मला हा प्रसंग केवळ अतिरंजित वाटला होता.

वकिली सुरू केल्यावर मृत्युपूर्व जबाब ही गोष्ट कागदावर पाहिली. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३२ नुसार मरणाऱ्या व्यक्तीचे तिच्या मृत्यूच्या कारणाविषयीचे कथन पुरावा म्हणून ग्राह्य धरले जात असे, आणि नव्या कायद्यातही ते तत्त्व कायम आहे. मरणारा माणूस खोटे बोलत नाही, हा त्यामागचा विश्वास. सिंधू नेमका तोच विश्वास वापरून खोटे बोलते. नवऱ्याला जन्मभर ज्या कायद्याने भाकरी दिली, त्याच कायद्याच्या तडाख्यातून ती आपल्या शेवटच्या शब्दाने त्याला सोडवते. तिला भोळी म्हणणे मला तेव्हापासून जमत नाही. ती काय करते आहे, हे तिला पुरते ठाऊक आहे.

मात्र त्यामुळे माझे दुःख कमी झाले नाही. जबाबात 'पाय घसरून पडले' असे सांगणाऱ्या बायका मी प्रत्यक्ष पाहिल्या आहेत. १९१९ मध्ये हिंदू पत्नीला घटस्फोटाचा कायदा उपलब्ध नव्हता. वेगळे राहून पोटगी मागण्याचा हक्क स्पष्ट करणारा कायदा १९४६ चा आणि हिंदू विवाह कायदा १९५५ चा. ज्या बडोद्यात हे नाटक प्रथम झाले, त्या संस्थानाने मात्र १९३१ मध्येच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. पहिल्या प्रयोगाला बसलेल्यांपैकी कोणाच्या मनात सिंधूची आठवण तेव्हा जागी झाली असेल का, हा विचार माझा पिच्छा सोडत नाही.

हौशी अभिनेत्री, कोल्हापूर

मी आधी गीता केली आणि आठ वर्षांनी सिंधू. गीता करताना पहिल्या वाक्यापासून प्रेक्षागृह आपल्या बाजूने असते. सिंधूच्या भूमिकेत ते सुख नाही. तालमीत मी तिला रडवत होते. दिग्दर्शकांनी मला सांगितले की, रडू प्रेक्षकांसाठी ठेवा, तुम्ही फक्त काम करा, दळा, मुलाला भरवा, उठा, बसा. 'घास घेई रे तान्ह्या बाळा' म्हणताना मी डोळ्यांतले पाणी आवरून ताटलीकडे पाहत राहिले, आणि समोरून हुंदके ऐकू आले. ही भूमिका प्रथम एका पुरुषाने केली, याचाही मी पुष्कळ विचार केला. स्त्रीने कसे सोसावे याचा आदर्श पुरुषाच्या देहातून घडला आणि पुढे कित्येक नट्यांनी तोच गिरवला. तो मोडायचा, पण भूमिकेची खिल्ली उडवायची नाही, हे फार अवघड आहे. मला ते निम्मेच साधले.

पदव्युत्तर विद्यार्थी, पुणे

थोडक्यात लिहितो. सगळे सिंधूविषयी बोलतात तेव्हा मला रामलाल आठवतो. मित्राला दारूपासून वाचवू पाहणारा हा सज्जन, मुलीसारख्या मानलेल्या बालविधवा शरदविषयी मनात मोह बाळगतो. म्हणजे प्याला फक्त दारूचा नाही. हे लक्षात आल्यावर मला हे नाटक दारूबंदीचे प्रचारनाट्य वाटेनासे झाले.

गृहिणी, फोंडा

आमच्या गावी देवळाच्या जत्रेत मराठी नाटके होत. मी दहा वर्षांची असताना आईबरोबर हे नाटक पाहिले. माझे वडील पीत असत, त्यामुळे सुधाकर रंगमंचावर झोकांड्या खात आला तेव्हा आजूबाजूच्या बायका आमच्याकडे पाहत आहेत, असे मला वाटत राहिले. मी मान खाली घातली. आई ताठ बसून होती.

परतीच्या वाटेवर ती सिंधूविषयी बोलेल असे वाटले होते. तिने एवढेच विचारले की, त्या बाईला शेजार नव्हता का. मोठेपणी मी कितीतरी परीक्षणे वाचली, पण हा प्रश्न मला त्यांत कुठेही भेटला नाही. नाटक स्वतः वाचले तेव्हा मी शेजार शोधत होते. सिंधूच्या दुःखात बरोबरीने बसणारी बाई मला एकच सापडली, गीता. तीही दारूड्याचीच बायको. आईच्या ते पहिल्याच रात्री लक्षात आले असावे, कारण वडील पिऊन येत त्या रात्री आमच्या पडवीत येऊन बसणाऱ्या शेजारच्या मावशींना ती त्यानंतर नेहमी गीता म्हणू लागली. मावशींचे खरे नाव वेगळे होते. त्याही त्या हाकेला ओ देत.